म्हणींतलें नाक



परगांवीं कोणीं आपलें गांव विचारलें आणि ‘नाशिक’ असें सांगितलें, कीं ऐकणाऱ्याचें बोट पुष्कळदां नकळत स्वतःच्या नाकाकडे जातें. काळारामाचें, सिंहस्थाचें, द्राक्षांचें असें या गांवाचें वर्णन करतां येत असतांही शूर्पणखेची गोष्ट सर्वांआधीं आठवते. मला याचें वाईट वाटत नाहीं. उलट, म्हणी व वाक्प्रचार यांविषयीं बोलावयाचें ठरलें तेव्हां सर्व शरीर सोडून या एकाच अवयवाशीं थांबावें, आणि आपल्या भाषेंत नाक काय काय बोलतें व परक्या भाषांत काय बोलतें हें ताडून पाहावें, असें माझ्या मनांत आलें. नाशिककरास तेवढा अधिकार असावा.

प्रथम गांवाच्या नांवाचा हिशेब पुरा करतों. तपोवनांत कपिलेचा ओघ गोदावरीस मिळतो, त्या परिसरांत लक्ष्मणानें शूर्पणखेचें नाक कापलें अशी जागा यात्रेकरूंस दाखवितात, आणि नासिकेवरून नासिक ही व्युत्पत्ति लागलीच सांगतात. दुसरा पक्ष म्हणतो, कीं गांव नऊ टेकड्यांवर वसलें, म्हणून ‘नवशिख’ आणि त्यावरून नाशिक. ‘नाशिक नव टेकांवर वसविलें’ ही म्हण १८८३ सालच्या सरकारी गॅझेटियरांतही नमूद आहे. आणि ज्याला जुन्या गढीपासून म्हसरूळ टेकापर्यंत उन्हांतून चालावें लागलें आहे, त्याला या पक्षाचें म्हणणें पायांनींच पटतें. नांव मात्र फार जुनें. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांतील पतंजलीनें आपल्या महाभाष्यांत या गांवाचा उल्लेख केला आहे, आणि तोही मोठ्या गमतीच्या ठिकाणीं. नासिका या शब्दास कांहीं प्रत्यय लागले म्हणजे त्याचें ‘नस्’ असें रूप होतें. आपण तपकिरीस किंवा नाकांत घालावयाच्या औषधास नस्य म्हणतों तें त्यामुळेंच. पण अनुनासिक वर्ण आणि नगर या दोन अर्थीं तसें होत नाहीं, तेथें ‘नासिक्य’ असेंच म्हणावयाचें, असा अपवाद व्याकरणकारांनीं केला आहे. नाकांतून निघणारा वर्ण आणि आमचें गांव हीं दोन्हीं एका नियमाला जुमानीत नाहींत, असा त्याचा अर्थ! पांडवलेण्यांतील शिलालेखांतही हें नांव आहे. मोंगलांनीं तें बदलून गुलशनाबाद केलें, पेशवाईंत तें पुन्हा नाशिक झालें. कथेवरून नांव पडलें कीं नांवावरून कथा येथें येऊन बसली, या वादांत मी आज शिरत नाहीं.

आतां मुख्य विषय. मोल्सवर्थच्या शब्दकोशांत, ज्याची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली, नाक या शब्दाखालीं वाक्प्रचारांची भलीमोठी यादी आहे. ती वाचतांना, किंवा आपल्याच घरांतील बोलणें कान देऊन ऐकतांना, एक गोष्ट चटकन् ध्यानांत येते. मराठी माणूस बोलण्यांत नाकाचा उपयोग वास घेण्यासाठीं जवळजवळ करीतच नाहीं. त्याचें नाक कापलें जातें, राहतें, वर होतें, खालीं जातें, घासलें जातें. मुलगा परीक्षेंत पहिला आला कीं त्यानें घराण्याचें नाक राखलें. मुलीनें मनाजोगा नवरा पाहिला कीं तिनें बापाचें नाक कापलें. नाक म्हणजे अब्रू. हिंदींत ‘नाक कटना’ आणि ‘नाक रखना’, गुजरातींत ‘नाक कपावुं’, सगळीकडे तोच भाव. चेहऱ्यावर जें सर्वांत पुढें आहे आणि जें झांकून ठेवतां येत नाहीं, त्याच्या ठिकाणीं या भाषांनीं प्रतिष्ठा बसविली.

पश्चिमेकडे गेलों, कीं हें नाक निराळेंच काम करूं लागतें. तेथें तें हुंगतें आणि घुसतें. एखाद्यास नाक आहे असें फ्रेंच माणूस म्हणतो, तेव्हां त्याला पुढचें अगोदर कळतें, त्याची अटकळ बरोबर निघते, असें त्याला म्हणावयाचें असतें. इंग्रज मनुष्य दुसऱ्याच्या कामांत नाक घालतो, आणि एखाद्या वस्तूची अवाच्या सवा किंमत मोजावी लागली म्हणजे ती नाकावाटे दिली असें म्हणतो. जर्मन माणसाचें नाक भरलें, कीं तो कंटाळला असें समजावें. आपल्याकडे अलीकडे ‘कशाला नाक खुपसतोस’ असें सर्रास बोलतात. मला हा प्रयोग इंग्रजी शाळेंतून आलेला वाटतो. कारण मूळचा मराठी मनुष्य दुसऱ्याच्या बोलण्यांत नाक न घालतां तोंड घालतो. कोणी जुना दाखला काढून मला खोटें पाडलें तर मी आनंदानें माझें मत बदलीन.

अशा तुलनेंत कधीं कधीं आपल्याच भाषेंतील अडलेला शब्द सुटतो. ‘नाकीं नऊ येणें’ हें आपण दिवसांतून दोनदां म्हणतों. पण हे नऊ कोण? पुष्कळजण सांगतात, कीं शरीराला नऊ द्वारें आहेत, त्यांतून वावरणारा प्राण जेव्हां सगळीकडून निघून नाकाशीं गोळा होतो, तेव्हां मनुष्याची ती अवस्था होते. हें स्पष्टीकरण एकटें ऐकलें तर ओढूनताणून आणल्यासारखें वाटतें. पण हिंदींत याच अर्थी ‘नाक में दम आना’ असें म्हणतात, आणि तेथें ‘दम’ म्हणजे श्वास, प्राण, हें उघड आहे. आपण स्वतःही प्राण कंठाशीं आला असें म्हणतोंच. नाक ही त्याच्यापुढची पायरी, दाराचा उंबरठा. शेजारच्या घरांत हा दिवा लागलेला असल्यामुळें आमच्या अंधारांतले नऊ जरा दिसूं लागतात. त्याच हिंदींत दुसऱ्यास अतिशय छळणें याला नाकानें चणे चावावयास लावणें असें म्हणतात. चण्यांची ही शिक्षा आपल्याकडे नाहीं. आपल्याकडे नाकानें कांदे सोलतात, आणि तेही छळ म्हणून नव्हे, तर ऐट म्हणून. अंगीं कांहीं नसतां सोवळेपणाच्या आणि थोरपणाच्या गोष्टी सांगणाऱ्याला हा टोला असतो. कांद्याच्या बाजारासाठीं आमच्या जिल्ह्यांतील लासलगांवचें नांव देशभर झालें आहे, पण कांदा नाकानें सोलणारा तेथेंही कोणीं पाहिलेला नाहीं.

एकच वस्तु, एकच कृति, आणि अर्थ मात्र प्रत्येकाचा वेगळा, याचें उत्तम उदाहरण म्हणजे जनावराच्या नाकांतील दोरी. आपण तिला वेसण म्हणतों. खर्चाला वेसण घालावी, मुलाच्या उधळेपणाला वेसण घालावी, असें आपण म्हणतों, तेव्हां दोरी आवरून धरणाऱ्या शेतकऱ्याच्या बाजूनें आपण बोलत असतों. वेसण ही शहाणपणाची गोष्ट आहे. इंग्रज मनुष्य अमक्याला नाकाला धरून नेलें असें म्हणतो, तेव्हां त्याची नजर ओढल्या जाणाऱ्या बैलावर असते, आणि तो त्याला हंसतो. रशियन भाषेंत कोणाला नाकाला धरून फिरविणें म्हणजे त्याला फसविणें, झुलवीत ठेवणें. नाकांत कडी अडकवून अस्वलें नाचविणाऱ्यांवरून हें निघालें असावें, असें तिकडचे लोक सांगतात. शेतकरी, बघ्या आणि फसला गेलेला, असे तीन जण एकाच दोरीविषयीं बोलत आहेत. म्हणून इंग्रजींतील वाक्प्रचाराचें भाषांतर ‘वेसण घालणें’ असें करणारा विद्यार्थी शब्दानें जवळ आणि अर्थानें कोसभर दूर असतो. स्त्रियांच्या नाकांतील नथीची आठवण येथें होणें साहजिक आहे. हिंदींत बैलाचें नाक टोंचण्याला ‘नाथना’ म्हणतात. पण ‘नाकापेक्षां मोती जड’ या म्हणींत नथ ओढली जात नाहीं, ती स्वतःच नाकाला ओढते. ज्यानें शोभा आणावयाची, त्याचाच भार होतो. दिवाणजी यजमानाला हुकूम सोडूं लागला म्हणजे ही म्हण कामास येते.

अरबी भाषेंत नाकाला ‘अन्फ़’ म्हणतात, आणि आपल्याप्रमाणेंच तिकडेही तें मानाचें ठिकाण आहे. कोणाचा पाडाव व्हावा असें वाटलें, तर त्याचें नाक धुळीस मिळो असें म्हणतात. धुळीशीं संबंध असलेला हा ‘रग़्म’ शब्द पुढें इतका झिजला, कीं आज अरबींत साध्या ‘असें असूनही’ या अर्थासाठीं तोच वापरतात. पाऊस असूनही आम्ही गेलों, असें म्हणतांना पावसाचें नाक धुळींत घासलें जातें आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो! आपल्याकडे ‘नाक घासणें’ आणि ‘नाकदुऱ्या काढणें’, गुजरातींत ‘नाकलीटी ताणवी’, हिंदींत ‘नाक रगड़ना’, यांत तीच धूळ आहे. फरक इतकाच, कीं तेथें शत्रूचें नाक घासलें जावें अशी इच्छा असते, आणि आपण आपलेंच नाक गरजेपोटीं घासतों. हिब्रू भाषेंत तर नाक आणि राग यांना एकच शब्द आहे, ‘अफ़्’. राग आला म्हणजे नाक पेटलें. आणि ज्याला लवकर राग येत नाहीं तो लांब नाकाचा. आपल्याकडे राग नाकाच्या शेंड्यावर बसतो, म्हणजे पुष्कळ जवळ आलों. पण मराठी बायबलाच्या भाषांतरकारांनीं तेथें ‘मंदक्रोध’ असा शब्द योजिला, हें बरें केलें. लांब नाकाचा म्हटलें असतें तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें क्षमाशीलता न येतां पगडी आली असती.

आतां ज्या वाक्प्रचारासाठीं मी हें सर्व मांडलें, त्याकडे वळतों. इंग्रजींत म्हणतात, कीं चेहऱ्यावर सूड घेण्यासाठीं स्वतःचें नाक कापूं नये. आपल्याकडे ‘आपलें नाक कापून दुसऱ्यास अपशकुन करणें’ अशी म्हण आहे, आणि हिंदींतही ती तशीच आहे. शाळेच्या पुस्तकांत या दोन्ही समानार्थी म्हणून शेजारीं शेजारीं छापतात. स्वतःचें नुकसान करून घेणारा हट्टी मनुष्य दोहींकडे आहे, हें खरें. पण इंग्रजी म्हणींत एकच मनुष्य आहे. त्याचें भांडण स्वतःच्या तोंडाशीं. आपल्या म्हणींत दोघे आहेत, आणि दुसऱ्याचें जें नुकसान व्हावयाचें तें, नाक नसलेलें माणूस सकाळीं दृष्टीस पडलें एवढ्यानेंच व्हावयाचें आहे. म्हणजे ज्यांनीं ही म्हण केली, त्यांच्या रस्त्यांवरून नाक कापलेलीं माणसें हिंडत असली पाहिजेत, आणि लोक त्यांना पाहून परत फिरत असले पाहिजेत. ही अलंकारिक भाषा नाहीं, आंखों देखी आहे.

नाक कापणें ही शिक्षा होती, आणि ती पुष्कळ देशांत होती. ईजिप्तच्या सीमेवर, आज ज्याला अल्-अरीश म्हणतात तेथें, ग्रीकांच्या काळीं राइनोकोलुरा या नांवाचें गांव होतें. नाव नाककाप्यांचें आहे. एका राजानें नाकें कापलेले गुन्हेगार तेथें नेऊन वसविले, अशी कथा डायोडोरसनें दिली आहे. कॉन्स्टँटिनोपलचा बादशहा दुसरा जस्टिनियन यास ६९५ सालीं पदच्युत करून त्याचें नाक कापण्यांत आलें, अशासाठीं कीं व्यंग असलेल्या पुरुषास पुन्हा सिंहासनावर बसतां येऊं नये. तो ७०५ सालीं परत येऊन बसला, आणि इतिहासांत ‘नकटा’ याच उपपदानें राहिला. नेपाळांत काठमांडूजवळील कीर्तिपूर या गांवानें गोरखा राजा पृथ्वीनारायण शहा याला दोनदां परतविलें. १७६० नंतरच्या दशकांत तें पडलें, तेव्हां तेथील लोकांचीं नाकें कापण्यांत आलीं, आणि गांवास नासकटापूर असें नांव पडलें. १७९३ सालीं कर्नल कर्कपॅट्रिक हा इंग्रज वकील तिकडे गेला. सामान वाहणाऱ्या हमालांत इतके बिननाकाचे कसे, असें त्यास वाटलें, आणि त्या चौकशींतून ही हकीकत त्याला कळली. पंचवीसहून अधिक वर्षें लोटलीं होतीं, पण तीं माणसें ओझीं वाहतच होतीं.

महाराष्ट्रांतलीही एक हकीकत आहे, आणि तिचा शेवट पुष्कळ बरा आहे. कावसजी नांवाचा, जातीनें शेतकरी असलेला एक मराठा १७९२ च्या लढाईंत इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या हातीं सांपडला व त्याचें नाक आणि एक हात तोडण्यांत आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्याला नवें नाक करून दिलें. मेणाचें नाक बनवून तें कपाळावर पसरवून मापलें, तेवढी कातडी कपाळावरून सोडविली, भुंवयांमधला एक धागा तसाच जिवंत ठेवला, आणि ती खालीं वळवून नाकाच्या जागीं बसविली. क्रूझो आणि फिंडले हे दोन इंग्रज डॉक्टर अशी शस्त्रक्रिया स्वतः पाहण्यास हजर होते. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनमधील ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्यें ती चित्रासह छापली गेली, ती वाचून जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं लंडनमध्यें तशी शस्त्रक्रिया करून दाखविली, व १८१६ सालीं तिच्यावर पुस्तक लिहिलें. सुश्रुतानें गालाची कातडी घेऊन नाक करण्याची रीति फार पूर्वींच सांगितली आहे. तेव्हां ही विद्या आपल्याकडे कोणाच्या तरी हातांत शेंकडों वर्षें टिकून होती, आणि पुण्याच्या त्या कारागिराचें नांव मात्र कोणीं लिहून ठेवलें नाहीं. आपण ज्या विद्येचा अभिमान धरतों, ती टिकली याचें एक कारण गिऱ्हाईक टिकलें हेंही आहे; नाकें कापली जात होतीं, म्हणून नाकें करणारे होते.

भाषेंत मात्र हा कारागीर आलाच नाहीं. कापलेलें नाक पुन्हा बसविण्याचा एकही वाक्प्रचार मला मराठींत आठवत नाहीं. आहेत त्या सगळ्या म्हणी नकट्याच्या विरुद्ध आहेत. ‘नकटें व्हावें पण धाकटें होऊं नये’ ही त्यांतल्या त्यांत मवाळ. तींत नकटेपणापेक्षां वाईट असें कांहीं जगांत आहे, एवढें तरी कबूल केलें आहे. ‘नकटीच्या लग्नाला सतराशें विघ्नें’ ही म्हण तर प्रत्येक घरांत, टांगा वेळेवर न आला तरी, हंसत हंसत म्हणतात. नकटी म्हणजे नाक कापलेली कीं नुसती बसक्या नाकाची, हा भेद ती म्हण करीत नाहीं. एकीला शिक्षा झालेली आहे, दुसरी तशी जन्मली आहे. लग्न दोघींचेंही अडतें.

माझी एक आत्या बसक्या नाकाची होती. वडिलांपेक्षां सात वर्षांनीं मोठी. तिला पाहावयास येणारी मंडळी पोहे खाऊन जात आणि कळवितों म्हणत. कांहींना कांहीं कारणानें पत्रिका फिरे, आणि स्वयंपाकघरांत कोणीतरी ती म्हण म्हणे. तिला लागावें म्हणून नव्हे, संवयीनें. ती घरांत असतांनाही म्हणत. शेवटीं तिला एका बिजवराला दिली. मी तिला पाहिली तेव्हां ती पन्नाशी उलटलेली, मोठ्यानें हंसणारी बाई होती, आणि आम्हां मुलांना म्हणींचे अर्थ सांगण्याची तिला फार हौस होती. एवढी एक म्हण तिच्या तोंडून मीं कधीं ऐकली नाहीं.

एकदां सासरची चार माणसें घेऊन ती आली, तेव्हां आम्ही सर्वजण तपोवनांत गेलों. क्षेत्रोपाध्यायांनीं ती जागा दाखविली, गोष्ट सांगितली. मंडळी हंसलीं. आत्या थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिली, आणि मग म्हणाली, “हिचे भाऊ तरी धांवून आले.”

माझे वडील शेजारींच उभे होते. त्यांनीं टांगेवाल्याला हांक मारली.